द्राक्षं मायक्रोवेव्हमध्ये ठेवली आणि आत जाळ झाला, आता मायक्रोवेव्ह वापरावा का?

इंदिरानगर_आई

नमस्कार. जाणकारांनी कृपया सांगा, दोन दिवस झोप नाही.

रविवारी पिंपळगावहून मामेसासऱ्यांनी द्राक्षांची पेटी पाठवली. थॉमसन, त्यांच्याच बागेतली. मी भाजी आणायला खाली उतरले होते. घरी सासूबाई आणि आठवीतला मुलगा. मुलाने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं म्हणून एक द्राक्ष मधोमध चिरलं, खालची साल तेवढी जोडलेली ठेवली, दोन्ही फोडी काचेच्या प्लेटवर उताण्या पसरल्या आणि मायक्रोवेव्ह सुरू केला. चार-पाच सेकंदांत भुंग्यासारखा आवाज आला आणि आत पिवळा जाळ उठला, असं सासूबाई सांगतात. मुलाने घाबरून दार उघडलं, तसा जाळ विझला. मी आले तेव्हा स्वयंपाकघरात जळका वास होता आणि मुलगा रडत होता.

आमचा मायक्रोवेव्ह 9 वर्षांचा आहे, साधा, 20 लिटरचा. आता चालू केला तर चालतो, पाणी गरम होतं. पण आतल्या उजव्या भिंतीवर एक काळपट डाग दिसतोय, तो आधी होता की आत्ताचा, मला आठवत नाही. सासूबाईंचं म्हणणं, यातून आता किरणं बाहेर येत असणार, पोरांना यातलं काही खायला देऊ नकोस. त्यांचं मी उडवून लावत नाही, कारण मलाच खात्री नाही. जाऊबाईंचं सात महिन्यांचं बाळ सध्या आमच्याकडे आहे आणि त्याचं दूध आम्ही यातच कोमट करतो. भीती मुख्य त्याचीच आहे.

मुलाला मी रागावले नाही. पण नेमकं झालं काय, हे त्याला समजावून सांगता यायला हवं.

पंचवटीकर

ताई, लगेच भंगारात देऊ नका. गळती तपासायची सोपी युक्ती आहे. मोबाईल आत ठेवून दार लावा, मायक्रोवेव्ह मात्र चालू करू नका, आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजला तर दारातून गळती आहे. आमच्या शेजाऱ्यांनी असंच तपासलं होतं.

दुरुस्तीवाला_सातपूर

ताई, मी सातपूरला 22 वर्षं घरगुती उपकरणं दुरुस्त करतोय, त्यात मायक्रोवेव्हच जास्त. सविस्तर लिहितो, कारण द्राक्षाचा हा प्रकार आपल्याकडे कुठल्याही घरात होऊ शकतो. जानेवारी ते एप्रिल नाशकात द्राक्ष नाही असं घर कुठलं?

मायक्रोवेव्हमधल्या लहरींची लांबी हवेत साधारण 12 सेंटीमीटर असते. त्याच लहरी पाण्यात शिरल्या की आखडून सव्वा-दीड सेंटीमीटरवर येतात. द्राक्षाचा आकारही जवळपास तेवढाच आणि आत सगळं पाणी. त्यामुळे लहर द्राक्षात शिरते आणि तिथेच घुमत राहते. अशी दोन द्राक्षं, किंवा एकाच्या दोन फोडी, एकमेकींना चिकटून असल्या की सगळा जोर त्यांच्या मधल्या केसाएवढ्या जागेत गोळा होतो. तिथे ठिणगी पडते. मग द्राक्षातल्या सोडियम-पोटॅशियमची वाफ पेटल्यासारखी चमकते, तो तुमचा पिवळा जाळ. पूर्वी सगळे म्हणायचे की मधली साल तारेसारखी काम करते म्हणून असं होतं. 2019 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की सालीची गरजच नाही. दोन अख्खी द्राक्षं नुसती टेकवून ठेवली तरी तेच होतं, पाण्याने फुगणारे जेलचे गोळे ठेवले तरी तेच. म्हणून मुलाला "साल कापून टाक" असं सांगू नका. द्राक्षं आत जाणारच नाहीत, एवढं सांगा. त्या जाळाने काच तडकते आणि आतला रंग जळतो.

आता तुमचा काळा डाग. फिरती काच बाहेर काढा आणि उजव्या भिंतीवर नीट पाहा. तिथे पुठ्ठ्यासारखा एक पातळ, करडा चौकोनी तुकडा बसवलेला असतो. आम्ही त्याला मायका म्हणतो, म्हणजे अभ्रक. लहरी त्याच्यामागूनच आत येतात. डाग त्या तुकड्यावर असेल, तुकडा जळून काळा पडला असेल किंवा त्याला भोक पडलं असेल, तर तो बदलेपर्यंत मायक्रोवेव्ह अजिबात चालवू नका. एकदा जळलेली जागा पुन्हा पुन्हा ठिणगी धरते. मोठा खर्च नाही, मापाने कापून नवा बसवतात. पुष्कळदा द्राक्ष-बिक्ष काही नसतं, फोडणीचं तेल उडून मायक्यावर बसलेलं असतं, तेच जळतं. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने आतून पुसलं तर माझ्याकडे येणारी बरीच गिऱ्हाइकं येणारच नाहीत. डाग पत्र्यावर असेल आणि रंगाचा पोपडा सुटून खालचा पत्रा उघडा पडला असेल, तर तेही दुरुस्त करून घ्या.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर त्यांना वाचून दाखवा. दाराला तीन स्विच असतात. दार जरा उघडलं की लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन त्या क्षणी बंद पडतो. म्हणूनच मुलाने दार उघडताच जाळ विझला, म्हणजे स्विच काम करताहेत. लहरी आत साठून राहत नाहीत, अन्नात मुरत नाहीत. अन्न फक्त तापतं. दाराच्या काचेतल्या जाळीची भोकं मिलिमीटरभर, लहर 12 सेंटीमीटरची, ती त्यातून जाऊ शकत नाही. थोडी गळती कुठल्याही मायक्रोवेव्हला असते. 5 सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलिवॅट ही तिची मर्यादा, आणि लांब जाल तशी ती झपाट्याने कमी होते. काळजी कधी करायची? दार वाकलं असेल, बिजागरी सैल झाली असेल, काचेला तडा गेला असेल, दाराच्या कडेला खरकटं घट्ट बसून दार पूर्ण टेकत नसेल, तेव्हा. यातलं काही असेल तर वापर थांबवा.

पंचवटीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण मोबाईलची युक्ती चुकीची आहे. मोबाईल इतका क्षीण सिग्नल पकडतो की चांगल्या मायक्रोवेव्हमध्येही तो वाजतो. आणि कुणी चुकून बटण दाबलं तर मोबाईलची बॅटरी पेटेल. कृपया हे कुणाला सांगू नका.

शेवटी एक हात जोडून विनंती. मागचं झाकण स्क्रू काढून घरी उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, 2000 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिथे राहू शकतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एका मुलाला असा झटका बसला, तो मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. वाचला. त्या दिवसापासून माझ्या दुकानात कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवल्याशिवाय कुणी आत हात घालत नाही.

कॉलेजरोड_वाचक

काकांनी सगळं लिहिलंय, पण पाण्याचं राहिलं. ते मला लिहावंच लागेल.

तीन वर्षांपूर्वी रात्री जागून काम करत होते. नवा, आतून अगदी गुळगुळीत चिनीमातीचा मग. त्यात नुसतं पाणी, तीन मिनिटं. बाहेर काढला तेव्हा एक बुडबुडा नव्हता. मला वाटलं पाणी तापलंच नाही. चमचाभर कॉफी टाकली आणि सगळं पाणी कारंज्यासारखं उसळून माझ्या उजव्या हातावर आलं. मनगटापर्यंत फोड. तीन आठवडे पोळी लाटता आली नाही, मुलीची वेणी घालता आली नाही.

गॅसवर पातेल्यात आधण ठेवतो तेव्हा तळाशी बुडबुडे धरतात आणि पाणी उकळताना दिसतं. गुळगुळीत मगमध्ये बुडबुड्याला धरायला जागाच मिळत नाही, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही शांत दिसतं. मग धक्का लागला, चमचा गेला, साखर पडली, की एकदम उकळतं. आता मी मगमध्ये लाकडी चमचा उभा ठेवूनच पाणी तापवते, वेळ दीड मिनिटाच्या वर लावत नाही आणि झाल्यावर मिनिटभर दार उघडत नाही.

आणि भाजलं तर नळाच्या गार पाण्याच्या धारेखाली 20 मिनिटं हात धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. मी घाबरून आधी पेस्ट लावली, डॉक्टरांना ती पुसून काढावी लागली आणि तेव्हा जीव गेल्यासारखं झालं.

इंदिरानगर_आई

काका, सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला, आम्ही पाणी असंच तापवतो.

काच काढून पाहिली. डाग मायक्यावरच आहे आणि मधोमध जळून खरपुडी धरली आहे. प्लग काढून ठेवला.

अजून दोन गोष्टी विचारते. बाळाच्या दुधाचं काय? आणि भांडी. आमच्याकडे भांडी बाजारातून आणलेल्या मेलामाईनच्या फुलाफुलांच्या प्लेटा आहेत, लग्नातला सोनेरी काठाचा कपांचा सेट आहे, आणि हॉटेलातून आमटी-भाजी येते ते प्लास्टिकचे डबे मी धुऊन ठेवते. यातलं काय चालतं? मायक्रोवेव्ह मिक्सरसोबत एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहे, तेही सांगून ठेवते.

दुरुस्तीवाला_सातपूर

आधी बोर्ड. आजच सोडवा. 800 वॅटचा मायक्रोवेव्ह भिंतीतून 1200 वॅटच्या आसपास ओढतो, त्यात मिक्सर. मी वितळलेले बोर्ड पाहिले आहेत. भिंतीतल्या मोठ्या, तीन पिनांच्या सॉकेटवर थेट लावा आणि अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा.

बाळाचं दूध यात तापवू नका. लहरी दुधात दोन-तीन सेंटीमीटर आत जातात, त्याही सगळीकडे सारख्या नाहीत. बाटली बाहेरून कोमट लागते आणि मध्येच एखादा घोट चटका देणारा असतो. बाळ सांगू शकत नाही. वाडग्यात गरम पाणी घेऊन बाटली त्यात उभी करा, हलवा, मनगटावर थेंब टाकून पाहा. आपल्या आज्या असंच करायच्या. मोठ्यांच्या वरणभातालाही हेच लागू, मध्ये एकदा काढून ढवळायचा.

मेलामाईन नको. ते स्वतःच तापतं, आणि गरम, आंबट पदार्थ असला की त्यातलं रसायन अन्नात उतरतं. कढी, टोमॅटोचं सार यांना तर अजिबात नको. जेवायला वाढून घ्या, तापवायला नाही. सोनेरी काठ म्हणजे धातूच, तडतडून काळा पडेल. कप लग्नातले आहेत, जपा. हॉटेलचे डबे एकदा वापरायचे असतात. तेलकट भाजी 100 अंशांच्याही वर तापते, तिथे डबा मऊ पडतो. डब्यावर मायक्रोवेव्हला चालतो असं छापलेलं असेल तरच वापरा. सगळ्यात बरी जाड काचेची किंवा साधी चिनीमातीची भांडी. शंका असली तर ते भांडं रिकामं ठेवा, शेजारी पेलाभर पाणी ठेवा, एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गार, तर चालतं. भांडंच तापलं तर नाही. पाण्याशिवाय मात्र कधी चालवू नका, मॅग्नेट्रॉन जातो.

उकडलेलं अंडं पुन्हा तापवू नका, तोंडाशी नेल्यावर फुटतं. बटाट्याला काट्याने टोचे मारा. झाकण तिरकं ठेवा आणि काढताना वाफ आपल्यापासून लांब जाईल अशा बाजूने उघडा.

मुलाला एक सांगा. त्या दिवशी दार उघडलं ते निभावलं. पण आत कागद किंवा पॉपकॉर्नची पिशवी पेटली तर दार उघडायचं नाही, हवा मिळून आग वाढते. दार बंद ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करायचा आणि मोठ्यांना हाक मारायची.

इंदिरानगर_आई

मायका बदलायला उद्या सकाळी माणूस येतोय, झाकण तोच उघडेल. बोर्ड काढला, वायरमनला सॉकेटसाठी सांगितलंय. बाळाची बाटली दुपारपासून गरम पाण्याच्या वाडग्यात. जाऊबाईंनी मेलामाईनच्या प्लेटा वरच्या फळीवर चढवल्या.

मुलाने काकांचं द्राक्षाचं उत्तर विज्ञानाच्या वहीत उतरवून घेतलंय, खाली आकृती काढली आहे, दोन द्राक्षं आणि मधली जागा. आजीला तोच समजावत बसला होता. त्यांनी शेवटी विचारलं, "म्हणजे वाटीत धुऊन खायची, एवढंच ना?" आणि पेटीतली उरलेली द्राक्षं त्याच्यासमोर ठेवली.