फ्रेंच लीव्ह, इंग्रजी पळ आणि पॅरिसमधले भट-भटणी

प्रश्न : एक फ्रेंच कादंबरी इंग्रजी भाषांतरावरून मराठीत आणते आहे. त्यात एक पाहुणा मेजवानीतून ‘टेक्स फ्रेंच लीव्ह’. फ्रेंच माणसाने फ्रेंच रजा घेतली, हे विचित्र वाटतं. काय लिहावं?

उत्तर : विचित्र वाटतं ते रास्तच आहे. मुळात बहुधा ‘फिले आ लांग्लेझ’ असणार, म्हणजे इंग्रजांसारखं सटकणं. यजमानाचा निरोप न घेता निघून जाण्याचं खापर इंग्रज १८व्या शतकापासून फ्रेंचांवर फोडत आलेत, आणि फ्रेंचांनी ते इंग्रजांच्याच माथी मारलंय. शेजारीही यात वाटले गेलेत : स्पॅनिश आणि पोर्तुगीज फ्रेंचांना नावं ठेवतात, इटालियन आणि पोलिश इंग्रजांना. भाषांतरकाराने गुपचूप देश बदलला, एवढंच.

मराठीत दोघांनाही मध्ये आणू नका. ‘काढता पाय घेतला’ लगेच सुचतं, पण त्यात प्रकरण अंगाशी यायच्या आत निसटल्याची छटा आहे. इथे पाहुण्याला नुसता कंटाळा आला असेल. ‘न सांगता सवरता निघून गेला’ पुरे. पंचाईत होते ती पाहुणाच इंग्रज असला आणि लेखकाने त्यावर कोटी केली असली तर. मग ‘आपल्या देशाच्या रिवाजाला जागून, न सांगताच सटकला’ असं काहीतरी रचावं लागेल.

प्रश्न : पुढे एक म्हातारा म्हणतो, पिल्लं अंड्यातून बाहेर येण्याआधी मोजू नका. तिथे मी ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ घातलंय. जमलंय ना?

उत्तर : अर्थ चपखल बसतो, तरी मी काढून टाकेन. पॅरिसच्या म्हाताऱ्याच्या तोंडी भट-भटणी आले की तो धोतर नेसून बसल्यासारखा दिसायला लागतो. या म्हणीबरोबर नवऱ्याचा मार येतो, जात येते, तुरीची डाळ येते. वाचक कादंबरीतून उठून थेट आपल्या वाड्यात जातो.

शिवाय मूळ पुस्तक एकदा पाहून घ्या. फ्रेंचमध्ये पिल्लं मोजत नाहीत, अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकतात. फ्रेंच कवी ला फोंतेनची १७व्या शतकातली पद्यकथा आहे : दोघे मित्र जिवंत अस्वलाचं कातडं आगाऊ विकून मोकळे होतात, अस्वल समोर येताच एक झाडावर चढतो आणि दुसरा मेल्याचं सोंग घेतो. तेव्हा ‘आधी अस्वल तर मारा, मग कातड्याचा भाव करा’ असं सरळ लिहा. मराठीत ही म्हण नाही, पण समजावून सांगायची गरजही नाही. उलट इंग्रजीतली पिल्लं तशीच उतरवलीत, तर मूळ लेखकाने न लिहिलेली कोंबडी तुमच्या पुस्तकात फिरेल.

प्रत्येक वाक्प्रचाराला मात्र हा न्याय लावू नका. भेटायचं ठरवून न येण्याला फ्रेंच बोलीत ‘पोझे अँ लापँ’, शब्दशः ‘ससा ठेवणं’ म्हणतात. तो ससा मराठीत आणलात तर वाचक पुढची दोन पानं त्यालाच शोधत बसेल. तिथे ‘त्याने टांग दिली’ बेधडक लिहा, कारण दोन्हीकडे शब्द बोलीतला आणि चीडही तेवढीच. पण तेच वाक्य एखाद्या सरदारीणबाईंच्या तोंडी असेल, तर ‘ताटकळत ठेवलं’.