‘व्हेन दे सी अस’ जबरदस्त आहे, पण एकतर्फी नाही का?

निवांत_नाना:
उशिरा का होईना, नेटफ्लिक्सच्या या मालिकेचे चारही भाग काल संपवले. १९८९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात जॉगिंग करणाऱ्या बाईवर बलात्कार झाला आणि पोलिसांनी १४ ते १६ वयाची पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरं आत टाकली, त्यांची गोष्ट. अंगावर येते, वादच नाही. पण सरकारी वकील लिंडा फेअरस्टीन बाईंचं असं काही दाखवलंय की ललिता पवार परवडल्या. बाईंनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला, २०२४ मध्ये तडजोड झाली आणि काही भाग काल्पनिक असल्याची शेवटची पाटी नेटफ्लिक्सला सुरुवातीला आणावी लागली. त्या रात्री पार्कात बाकीच्या लोकांनाही मारहाण झाली होती, ते मालिकेने घाईत उरकलंय.

मंजू_ताई:
नाना, पाटी पुढे आली म्हणून डीएनए बदलला का? घटनास्थळी सापडलेल्या डीएनएशी पाचातल्या एकाचाही जुळला नव्हता, तरी १९९० मध्ये शिक्षा झाल्याच. पुरावा काय, तर चौघांचे कबुलीचे व्हिडिओ, तेही एकमेकांशी न जुळणारे, आणि आधीचे कित्येक तास चौकशीत जे काय चाललं ते रेकॉर्डच नाही! २००२ मध्ये दुसऱ्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेल्या मॅटायस रेयेसने हा गुन्हा कबूल केला, त्याचा डीएनए जुळला, मग शिक्षा रद्द. आणि तडजोडीत बाईंना एक पैसा मिळालेला नाही, नेटफ्लिक्सचे १० लाख डॉलर गेले ते निरपराध कैद्यांसाठी लढणाऱ्या संस्थेला. तेही लिहा की.

खवचट_खान:
आणि तेव्हा नुसतेच बिल्डर असलेल्या ट्रम्पतात्यांनी चार पेपरांत पानभर जाहिराती दिल्या होत्या, फाशी परत आणा म्हणून. खटला उभा राहायच्या आधी हां.

काळा_कोट:
आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण मकोकात (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात) चालते, आणि कबुलीशिवायही माणसं अडकतातच. जालना जिल्ह्यातली २००३ ची दरोडा, बलात्कार आणि खुनांची केस बघा. भटक्या जमातीतले सहा जण, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाई. प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून आधी भलतेच चौघं ओळखले होते, त्यांचं काय झालं ते कुणी बघितलंच नाही. इथे वंशाच्या जागी जमात वाचा.

निवांत_नाना:
काळा कोट, पटलं, पण माझा मुद्दा वेगळा होता. पोरं निर्दोष आहेत हे मलाही मान्य आहे. जी गोष्ट मुळातच एवढी भयानक आहे तिला खलनायिकेचा तडका कशाला? उद्या कोणीही म्हणेल, एक सीन खोटा म्हणजे सगळंच खोटं.

मंजू_ताई:
म्हणणारे तसंही म्हणतातच हो. फेअरस्टीनबाई सोडा, पहिल्या भागातला पाचातल्या अँट्रॉनचा बाप आठवा. आधी पोलिसांवर ओरडतो, मग त्याला बाजूला घेऊन दम भरतात आणि तोच बाप आत येऊन पोराला म्हणतो की ते सांगतात ते बोल आणि घरी चल. मी तिथे बंदच केलं, दुसऱ्या दिवशी पुढे बघितलं. आणि पाचातला कोरी वाइज तर पोलिसांच्या यादीतही नव्हता, मित्राला सोबत म्हणून चौकीवर गेला. १६ पूर्ण म्हणून आईबाप नसताना चौकशी चालली, आणि सगळ्यात जास्त वर्षं त्यानेच काढली, मोठ्यांच्या तुरुंगात.

निवांत_नाना:
बापाचा सीन, हो. तिथे माझंही चहाचं आधण उतू गेलं. पण पाटीचं मत कायम.