मदत हवी आहे: पॅरालिसिस असताना पहिली चाल कोणाची?

घायकुत्या: आम्ही दोघे पोकेमॉनची लढत केवळ लिहून खेळतो; दोघांचे हुकूम एकाच वेळी पंचाकडे जातात आणि निकाल तो लिहून कळवतो. माझ्या लढवय्याचा वेग १२० आहे, समोरच्याचा ५०. पॅरालिसिसमुळे, म्हणजे गडी लुळा पडल्यामुळे, माझा वेग निम्मा झाला तरी ६० उरतो, असे असूनही पंचाने समोरच्याला आधी मारू दिले आणि माझा गडी चाल न करताच बाद झाला. पुढची फेरी आज रात्री आहे, त्यामुळे पंच चुकला की नाही एवढेच सांगावे.

जुनाखेळाडू: कोणत्या पिढीचे, म्हणजे पोकेमॉन खेळांच्या कोणत्या मालिकेचे नियम, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. वेग निम्मा होतो तो सातव्या पिढीपासून, म्हणजे २०१६ पासून. त्याआधी तो एक चतुर्थांश होत असे. तसे असेल तर तुमचा वेग ३० उरतो.

चपळ: हा हिशेब हवाच कशाला? क्विक अटॅक ही प्राधान्याची चाल वापरावी. चालीचे प्राधान्य वेगाच्या आधी पाहिले जाते.

जुनाखेळाडू: पॅरालिसिसमध्ये २५ टक्के वेळा चालच होत नाही, तिथे तुमचा क्विक अटॅकही अडकतो. शिवाय प्रश्न झालेल्या फेरीचा आहे.

निखारा: बर्नचा, म्हणजे भाजल्याच्या बाधेचा, नियमही सातव्या पिढीत बदलला. सहाव्या पिढीत दर फेरीला कमाल एचपीचा (जीवशक्तीचा) आठवा भाग जात असे, आता सोळावा जातो.

घायकुत्या: बर्नविषयी मी विचारलेले नाही. पिढी वगैरे ठरलेली नाही, 'नेहमीचे नियम' एवढेच ठरले होते.

तिरकस: लढवय्या कोणता आणि पॅरालिसिस कशाने झाला?

घायकुत्या: पिकाचू. स्टन स्पोरने. त्याने काय फरक पडतो?

तिरकस: सगळाच. २०१३ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीपासून इलेक्ट्रिक प्रकाराच्या पोकेमॉनला, म्हणजे पिकाचूलाही, पॅरालिसिस होतच नाही. म्हणजे नियम सहाव्या किंवा नंतरच्या पिढीचे असतील, तर तुमचा वेग पूर्ण १२० धरून ती फेरी पुन्हा खेळवावी लागेल. आधीचे असतील, तर पंचाचा निकाल बरोबर आहे. पिकाचूचा वेग पॅरालिसिसने निम्मा होईल, असा नियम मात्र कोणत्याच पिढीत नाही.

चपळ: तरीही क्विक अटॅक हवाच होता.

घायकुत्या: पंचाला विचारले. तो पाचवी पिढी म्हणतो, पण हे त्याने आत्ता, माझा प्रश्न वाचल्यानंतर ठरवले आहे.