मदत हवी आहे : तालुका न्यायालयात वकिली चालू असताना एलएलएमसाठी कोणता विशेष गट निवडावा?

नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करते. बी.ए.नंतर तीन वर्षांची एलएलबी केली, सनद (वकिलीचा परवाना) घेतली आणि तेव्हापासून माझे बहुतेक काम दिवाणी दावे व महसुली अपिले यांतच आहे. पुढील प्रवेशफेरीत एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश घेण्याचे मी निश्चित केले आहे. परंतु कोणत्या गटात प्रवेश घ्यावा याबाबत मला मिळालेले सल्ले परस्परांशी इतके विसंगत आहेत की, ज्यांनी ही पदवी घेतली आहे किंवा जे ती शिकवतात अशा सदस्यांनाच विचारावे असे ठरवले. प्रश्न थोडा सविस्तर मांडत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

उद्देश आधी सांगते. मला विधी महाविद्यालयात शिकवायचे आहे, आणि शक्य असेल तर वकिली पूर्णपणे न सोडता शिकवायचे आहे. पदोन्नती किंवा पगारवाढ असा कोणताही प्रश्न माझ्यापुढे नाही.

आतापर्यंत मला जे समजले आहे ते असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक वर्षाची एलएलएम किमान २४ श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते. संशोधनपद्धती व विधिलेखन, तुलनात्मक सार्वजनिक कायदा आणि जागतिकीकरणाच्या काळातील कायदा व न्याय हे तीन विषय सर्वांना सक्तीचे आहेत. त्यानंतर विशेष गटातील सहा ऐच्छिक विषय येतात आणि शेवटी लघुप्रबंध असतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत हा अभ्यासक्रम चालतो व त्यांपैकी बहुतेकांसाठी क्लॅट या सामायिक प्रवेशपरीक्षेची पदव्युत्तर परीक्षा द्यावी लागते. आपल्या पारंपरिक विद्यापीठांत चार सत्रांची, म्हणजे दोन वर्षांची एलएलएम आहे आणि तिच्या प्रवेशाची प्रक्रिया वेगळी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने २०२१च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या नियमांत एक वर्षाची पदवी बंद करण्याची तरतूद होती. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि कौन्सिलने त्या शैक्षणिक वर्षापुरती तिची अंमलबजावणी न करण्याचे न्यायालयात सांगितले. एक वर्षाचे प्रवेश त्यानंतरही होत राहिले असले, तरी या पदवीच्या भवितव्याविषयी माझ्या मनात थोडी धाकधूक आहे.

आता गटांविषयी. आमच्या बाररूममधील बहुतेकांचे मत असे की, 'कॉर्पोरेट व वाणिज्यिक कायदा' हाच गट घ्यावा, कारण पैसा तिथे आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे, नादारीची आणि कंपन्यांची कामे मुंबईत चालतात, आणि मला तालुका सोडायचा नाही. मग या गटातील ज्ञान मी वापरणार कुठे? फौजदारी गटाचे आकर्षण निश्चितच आहे, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्यापासून त्या क्षेत्रात नव्याने लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. बौद्धिक संपदेचा विचार मी सोडून दिला आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेसाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते आणि ती माझ्याकडे नाही.

माझा स्वतःचा ओढा 'संवैधानिक व प्रशासकीय कायदा' या गटाकडे आहे, आणि त्याचे कारण माझ्या रोजच्या कामात आहे. फेरफार नोंदीवर (जमिनीच्या हक्कातील बदलाच्या महसुली नोंदीवर) हरकत घेतली जाते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतात, त्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील होते, पुढे आणखी अपील, पुनरीक्षण, आणि शेवटी प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत जाते. या संपूर्ण प्रवासात मला सर्वाधिक खटकणारी गोष्ट म्हणजे कारणमीमांसा नसलेले आदेश. दोन्ही बाजूंचे म्हणणे पानभर उतरवलेले असते आणि त्याखाली एका ओळीत 'सबब अपील नामंजूर' एवढेच लिहिलेले असते. एस. एन. मुखर्जी प्रकरणात १९९० मध्ये आणि क्रांती असोसिएट्स प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारणे देण्याचे बंधन इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितले आहे, तरीही ते बंधन महसूल कार्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचत का नाही, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. एखादा शेतकरी आपण का हरलो हे विचारतो, तेव्हा आदेशाची प्रत हातात असूनही त्याला उत्तर देता येत नाही, ही अवस्था वकील म्हणून मला अपमानास्पद वाटते.

त्यामुळे माझे नेमके प्रश्न असे आहेत. विधी अध्यापनाच्या दृष्टीने एलएलएमच्या गटाला प्रत्यक्षात किती महत्त्व असते. म्हणजे संवैधानिक गट घेतलेल्या व्यक्तीला पुढे संविदा (करार) किंवा कंपनी कायदा शिकवण्यास अडचण येते का? सनद चालू ठेवून नियमित विद्यार्थी म्हणून एलएलएम करता येते का, आणि पुढे सनद राखून शिकवता येते का? एक वर्षाची आणि दोन वर्षांची पदवी यांपैकी माझ्यासारखीने कोणती घ्यावी? आणि वर सांगितलेला विषय लघुप्रबंधाला पेलेल का, की तो फक्त एका त्रस्त वकिलाची तक्रार ठरेल?

आपला वेळ व अनुभव यांबद्दल आधीच आभार मानते.

— सातबारा_वकील

प्रतिसाद : विधी_अध्यापक

नमस्कार ताई. मी अनेक वर्षे एलएलबी आणि एलएलएम दोन्ही वर्गांना शिकवत आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरे देता येतील असे वाटते.

गटाला अध्यापनाच्या पात्रतेत स्थान नाही. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही अध्यापन पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. नेटमधील विधी विषयाचा अभ्यासक्रम दहा घटकांचा असून त्यात विधिशास्त्र, संवैधानिक व प्रशासकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा, गुन्हेविषयक कायदा, अपकृत्ये व ग्राहक संरक्षण, वाणिज्यिक कायदा, कौटुंबिक कायदा, पर्यावरण व मानवी हक्क, बौद्धिक संपदा व माहिती तंत्रज्ञान आणि तुलनात्मक सार्वजनिक कायदा असे सर्व काही येते. म्हणजे आपण कोणताही गट घेतला, तरी परीक्षेच्या वेळी उरलेल्या घटकांचा अभ्यास स्वतः करावाच लागणार. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेटबरोबर तिचीही तयारी करावी. नोकरी लागल्यावर वेळापत्रकात जो विषय वाट्याला येईल तो शिकवावा लागतो, आणि संविधान, प्रशासकीय कायदा व कंपनी कायदा हे तिन्ही एलएलबीला सक्तीचे असल्याने आपल्या गटाचा विषय प्रत्येक महाविद्यालयात असणारच आहे.

सनदेविषयी निश्चिंत राहावे. सनद स्थगित न करता नियमित विद्यार्थी म्हणून एलएलएम करण्याची मुभा बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठरावाद्वारे दिलेली आहे. पुढील प्रश्नाचे उत्तर केंद्र सरकारने अधिवक्ता अधिनियमाखाली केलेल्या १९७९च्या विधी अध्यापनविषयक नियमांत आहे : दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त होत नसेल, तर वकिली करणाऱ्या व्यक्तीला विधी अध्यापन करता येते आणि ते अर्धवेळ काम मानले जाते. पूर्णवेळ पगारी पद स्वीकारले, तर मात्र वकिली थांबवावी लागते. 'शिकवायचे आहे' म्हणजे यांपैकी नेमके काय हवे आहे, हे आपण गट निवडण्याच्या आधी ठरवावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

आता लघुप्रबंधाकडे येतो, कारण मला आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाचा भाग तोच वाटला. विषय निश्चितच पेलेल. पण आज तो ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात नाही. 'महसुली आदेशांत कारणे नसतात' हे निरीक्षण झाले, तो संशोधनप्रश्न झालेला नाही. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे; दुसरीकडे, महसूल संहितेचे कलम १५७ अशा नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या आहेत असे गृहीत धरण्यास सांगते. ज्या नोंदीने मालकी मिळत नाही पण जिच्या खरेपणाचे गृहीतक मिळते, ती करणाऱ्या अधिकाऱ्याने किती आणि कोणत्या दर्जाची कारणे द्यावीत, हा खरा प्रशासकीय कायद्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर जमिनीवरची सामग्री घेऊन लिहिणारे फार कमी आहेत. एकच उपविभाग घ्या, ठरावीक कालावधी घ्या, आणि त्या काळातील अपिली आदेश प्रमाणित प्रतींतून किंवा माहितीच्या अधिकारातून मिळवा. प्रत्येक आदेशात वादाचा मुद्दा निश्चित केला आहे का, पुराव्याचा उल्लेख आहे का, निष्कर्षाला कारण जोडले आहे का, असे मोजके निकष आधी लिहून ठेवा आणि मगच वाचायला बसा. निकष नंतर ठरवले, तर आपण म्हणता त्याप्रमाणे ती तक्रारच होईल. स्वतः चालवलेली प्रकरणे मात्र अभ्यासातून वगळावीत, किंवा वापरलीच तर तसे स्पष्ट लिहावे.

हे काम हाती घेणार असाल तर दोन वर्षांची पदवी अधिक सोयीची पडेल. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात लघुप्रबंधाला किमान तीन श्रेयांक असतात, आणि आदेशांच्या प्रती मिळवण्यात जो वेळ जातो तो आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

प्रतिसाद : पुन्हा_विद्यार्थी

ताई, मी एका राष्ट्रीय विधी विद्यापीठातून एक वर्षाची एलएलएम केली आहे. सरांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. प्रवेशापूर्वी माहितीपत्रकातील ऐच्छिक विषयांच्या लांबलचक यादीवर विसंबून राहू नका; त्यांतले कोणते विषय त्या वर्षी प्रत्यक्ष शिकवले जाणार आहेत, हे विभागाला लेखी विचारा, कारण ते त्या वर्षी कोणते अध्यापक उपलब्ध आहेत यावर ठरते. काही ठिकाणी गट प्रवेशाच्या वेळीच पक्का होतो. काही ठिकाणी विद्यार्थी कोणत्याही गटातील विषय घेऊ शकतो आणि एका गटातील ठरावीक विषय पूर्ण केले तरच पदवीवर त्या गटाचे नाव येते. मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते; प्रशासकीय कायद्याबरोबर आपल्याला जमीनविषयक किंवा पर्यावरणविषयक एखादा विषय घेता आला, तर लघुप्रबंधाला त्याचा थेट उपयोग होईल. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात उपस्थिती, सादरीकरणे आणि निबंध यांमुळे न्यायालयात नियमित उभे राहणे जवळजवळ अशक्य होते, हेही लक्षात घ्यावे.

हा धागा वाचणाऱ्या नवीन एलएलबीधारकांसाठी एक सूचना : न्यायाधीश होण्याचा विचार असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निर्णय एलएलएमला जाण्यापूर्वी वाचावा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा आणली आहे.

सातबारा_वकील :

सर, आणि दुसऱ्या प्रतिसादकर्त्यांचेही मनःपूर्वक आभार. १९७९च्या नियमांची मला माहिती नव्हती. तीन तासांची मर्यादा पाहता मी अर्धवेळ अध्यापनाचाच विचार करेन, आणि त्यामुळे दोन वर्षांची पदवी व संवैधानिक–प्रशासकीय गट हा निर्णय आता बराचसा पक्का झाला आहे. कलम १५७ मी युक्तिवादात कितीदा तरी वापरले आहे, पण कारणे देण्याच्या बंधनाशी ते जोडून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

सर, एक शंका उरते. प्रांत अधिकाऱ्यांचे आदेश मराठीत असतात आणि माझे निकषही त्या मराठी मजकुरावरच बसवावे लागतील. लघुप्रबंध इंग्रजीत लिहायचा झाल्यास मूळ आदेशांतील उतारे मराठीतच ठेवून खाली अनुवाद द्यावा, की अनुवाद मुख्य मजकुरात घेऊन मूळ उतारे परिशिष्टात जोडावेत? परीक्षकांच्या दृष्टीने कोणती पद्धत अधिक मान्य असते, हे आपण किंवा असा प्रबंध तपासलेल्या अन्य कोणी सांगितल्यास मी संशोधनाचा आराखडा त्याप्रमाणे तयार करीन.