शब्दचर्चा: ‘आशा शोधणे’ की ‘आशा धरणे’?

प्रश्न

आजारी माणसांना आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांना वाचता येईल अशी ख्रिस्ती जपमाळेवरची (रोझरीवरची) एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. दुःखाच्या पाच रहस्यांवर, म्हणजे जप करताना आठवायच्या येशूच्या दुःखाच्या पाच प्रसंगांवर, थोडं थोडं मनन, एवढंच तिचं स्वरूप. शीर्षक ठेवलं होतं ‘दुःखात आशा शोधताना’. छापायला देण्याआधी मोठ्याने वाचलं आणि तिथेच अडखळले. आपण किल्ली शोधतो, घर शोधतो, नोकरी शोधतो. आशा शोधतो का?

दुसरी शंका ‘रहस्य’ या शब्दाची. ‘दुःखाचं दुसरं रहस्य’ म्हटलं की ज्याने कधी जपमाळ म्हटली नाही त्याला रहस्यकथा आठवणार. त्याऐवजी ‘गूढ’ चालेल का?

प्रतिसाद १

‘रहस्य’ बदलू नका. त्याच्या मुळाशी ‘रहस्’ आहे, म्हणजे एकांत. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, तू माझा भक्त आणि सखा आहेस म्हणून हा योग तुला सांगितला, ‘रहस्यं ह्येतदुत्तमम्’. तिथे रहस्य हे उकलायचं कोडं नाही. आपल्या माणसाला एकांतात सांगायची ती गोष्ट आहे. चर्चच्या परंपरेतला मूळ ग्रीक शब्द ‘मिस्तेरिओन’, आणि त्याचं नातं मिटण्याशी जोडतात: डोळे मिटणे, ओठ मिटणे. दोन्ही शब्द माणसाला गप्प बसवतात आणि जवळ बोलावतात.

‘गूढ’ म्हणजे झाकलेलं. दुःखाच्या रहस्यांत झाकलेलं काही नाही. गेथशेमाने बागेतली व्याकुळता, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं आणि क्रूसावरचं मरण, हे पाचही प्रसंग शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलच्या पुस्तकांत, उघड सांगितलेले आहेत.

प्रतिसाद २

थोडं अवांतर, पण शब्दांचाच विषय आहे म्हणून. कोंकणीत या प्रार्थनेला ‘तेर्स’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘तेर्सो’, म्हणजे तिसरा हिस्सा. पूर्ण जपमाळ पंधरा रहस्यांची होती आणि एका बैठकीत पाच म्हणत, म्हणून तिसरा हिस्सा. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली. आता हिशेबाने तो चौथा हिस्सा झाला, नाव मात्र तेच राहिलं. ‘रोझरी’च्या मागे लॅटिन ‘रोझारियुम’ आहे, गुलाबांची बाग.

प्रतिसाद ३

मला खरी अडचण ‘शोधणे’त नाही, ‘आशा’तच दिसते. आपल्या भाषेत हा शब्द बराच डागाळलेला आहे. आशाळभूत, वेडी आशा, आशेला लागणे, आशेवर झुलवणे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसांना ‘आशापाशशतैर्बद्धाः’ म्हटलंय, आशेच्या शेकडो दोरांनी बांधलेले. एक जुनं सुभाषित तर म्हणतं की आशा ही अजब बेडी आहे: तिने बांधलेला धावत सुटतो आणि तिच्यातून सुटलेला पांगळ्यासारखा एका जागी बसतो. आजारी माणसाच्या हातात असा शब्द कशाला द्यायचा? ‘उमेद’ घ्या. मोकळा, ताजा शब्द आहे.

प्रतिसाद ४

‘उमेद’ मलाही आवडतो. फारसीत त्याचा अर्थ आशाच. ‘उमेदवार’ म्हणजे आशा बाळगून असलेला. पण मराठीत येऊन त्याला अंगातल्या जोराचा अर्थ चिकटला. उमेद खचते, उमेदीची वर्षं सरतात. ज्याला कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात लागतो त्याच्याकडे उमेद मागू नये. नसलेल्या बळाची ती मागणी होते. आशेला बळ लागत नाही.

आशापाशाबद्दल मात्र मी उलट बाजूने सांगेन. हिब्रूत आशेला ‘तिकवा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरा. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहरातली राहाब खिडकीला किरमिजी दोरा बांधते. शहर पडतं तेव्हा त्या खुणेवर तिचं घर वाचतं. तिथे दोऱ्याला हाच शब्द आहे. बायबलातलाच दुःखाने पिचलेला ईयोब म्हणतो, माझे दिवस विणकराच्या धोट्याहून भरभर चाललेत आणि ‘तिकवा’वाचून संपतात. हिब्रू वाचणाऱ्याला तिथे एकदम दोन्ही ऐकू येतं: आशा संपली, आणि मागावरचा दोरा संपला.

म्हणजे आशा हा दोर आहे हे दोन्हीकडे ठाऊक होतं. एकीकडे तो पायात अडकलेला, दुसरीकडे खिडकीला बांधलेला. जपमाळही दोराच आहे, पण तो कोणी आपल्याला बांधत नाही. आपण तो बोटांत घेतो, आणि बोटं सैल केली की सुटतो.

माळ हातात घेऊनच बघा. क्रूस, मग एक मोठा मणी, मग तीन छोटे. या तीन छोट्या मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीती वाढावी म्हणून तीन वेळा ‘नमो मरिया’ ही मरियेची प्रार्थना म्हणायची प्रथा आहे. पाच दशकांचे, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांचे, पन्नास आणि हे तीन असे त्रेपन्न ‘नमो मरिया’ होतात. दुःखाचं पहिलं रहस्य सुरू व्हायच्या आधीच, तिनांतल्या मधल्या मण्यावर, आशा अंगठ्याखालून गेलेली असते. म्हणून मला ‘शोधताना’ खटकतं. ती दुःखात शिरून खणून काढायची नसते. ती हातात घेऊनच आत जायचं असतं.

प्रतिसाद ५

मराठीत आशेबरोबर कुठली क्रियापदं येतात ते मी मोजून पाहिलं. आशा वाटते, लागते, उरते, मावळते. आशा लावतात आणि दाखवतात. ‘दाखवणे’ बहुतेकदा फसवणुकीचं. आशेवर पाणी पडतं. माणसाने स्वतः, समजून-उमजून करायच्या क्रियांत मला सगळ्यांत ठळक वाटली ती: आशा धरणे. आणि ‘धरणे’ची भावंडं बघा: धीर धरणे, तग धरणे, हात धरणे. प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम लावतो आणि पुढे म्हणतो, आशा लाजवत नाही. 2025च्या जयंती वर्षाच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाच्या, घोषणापत्राला पोप फ्रान्सिस यांनी हेच शब्द नाव म्हणून दिले.

‘लाजवत नाही’ हे मला फार मोलाचं वाटतं. आजारपणात माणसाला आशेची लाजच वाटते. ‘बरा होईन’ असं म्हटलं आणि पुढचा रिपोर्ट वाईट आला की खोटं पडल्यासारखं होतं. गेथशेमानेच्या रहस्यावर मनन करणाऱ्याला ही लाज सोडता येते. तिथे येशू स्पष्ट मागतो की हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, टळो. मागण्यात कमीपणा नाही. प्याला टळत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की येशूला शक्ती द्यायला एक देवदूत येतो, आणि त्यानंतरही तो अधिक कळकळीनेच प्रार्थना करतो. इच्छा पुरी झाली नाही आणि आशा मोडली नाही, हे एकाच रात्री घडलं. मराठीत इच्छा आणि आशा आपण जवळजवळ एकच समजतो. त्यांच्यामधली फट या रहस्यात दिसते.

प्रतिसाद ६

चौथ्या रहस्याबद्दल एक शब्द. मराठी बायबलात क्रूस वाहायला धरून आणलेल्या शिमोनाला ‘कुरेनेकर’ म्हटलंय. आपल्या ‘-कर’ने तो लगेच ओळखीचा होतो, कुठल्याशा गावचा, कामावरून घरी निघालेला माणूस. मार्क आणि लूक म्हणतात की तो रानातून, शेताकडून येत होता. तो स्वेच्छेने आला नव्हता, त्याच्यावर सक्ती झाली होती. उशाशी बसणाऱ्यांसाठी लिहिताय ना? मग त्याच्यावर एक पान जास्त लिहा. तेही बहुतेक असेच धरून आणलेले असतात आणि ते बोलायची त्यांना चोरी असते.

प्रतिसाद ७

‘भोग’ आणि ‘सोसणे’ यांतही निवड करा. भोग म्हटलं की ‘माझ्याच खात्यातलं’ असा सूर येतो आणि रुग्ण स्वतःला दोष देत बसतो. सोसणं दुसऱ्यासाठीही असतं. ‘ख्रिस्ताचं दुःखसहन’ हा रुळलेला शब्द आहेच. बोलीत ‘सोसणं’ त्याच्या जवळचं.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘रहस्य’ तसंच ठेवते. ‘भोग’ तीन ठिकाणी आला होता, तिन्ही काढले. कुरेनेकर शिमोनासाठी आणखी दोन पानं घेतली आहेत.

शीर्षक आता ‘दुःखात धरलेली आशा’. प्रतिसाद ५ वाचून बराच वेळ बसून राहिले. आईच्या शेवटच्या आठवड्यात तिचं बोलणं बंद झालं होतं. प्रार्थना मी म्हणत होते, माळ तिच्या हातात होती. दुसरं दशक म्हणताना मला वाटलं तिला झोप लागली, म्हणून थांबले. तिने डोळे उघडले नाहीत, पण अंगठ्याने मणी पुढे सरकवला. मी पुढचं ‘नमो मरिया’ सुरू केलं.