जुन्या कोरियन प्रेममालिका: ‘युजिना’ आणि ‘युजिन श्शी’ यांत काय फरक आहे?

नर्सबाई
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, कोरेगाव तालुक्यातली. एकतीस वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे घरात बसावं लागलं. तेव्हा सूनबाईने तिच्या टॅबवर कोरियन मालिका लावून दिल्या. आधी नव्या पाहिल्या. देखण्या असतात, पण चार दिवसांनी गोष्ट आठवत नाही. मग फिरत फिरत जुन्यांकडे गेले. ‘विंटर सोनाटा’ (२००२) दोनदा पाहिली. ‘माझं नाव किम सामसून’ (२००५) तीनदा.

प्रश्न विंटर सोनाटाबद्दल आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. युजिन आणि जुनसांग एका शाळेत. बसमध्ये ती झोपते आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर पडतं, तिथून सुरुवात. वर्षाच्या शेवटच्या रात्री भेटायचं ठरतं, ती बर्फात उभी राहते, तो येत नाही. अपघातात गेला असं कळतं. दहा वर्षांनी तोच चेहरा समोर येतो, पण हा मिनह्यॉंग, अमेरिकेत वाढलेला. तो तिला ओळखत नाही.

मला इंग्रजी सबटायटल वाचायला वेळ लागतो. मी थांबवून थांबवून वाचते. त्यामुळे आधी आवाज कानात शिरतो आणि अर्थ मागून येतो. खाली प्रत्येक वेळी नुसतं ‘युजिन’ लिहिलेलं असतं. पण माझ्या कानाला शाळेतला जुनसांग ‘युजिना’ म्हणताना ऐकू येतो आणि मिनह्यॉंग ‘युजिन श्शी’ म्हणताना. पुढे त्याला सगळं आठवतं आणि तो पुन्हा ‘युजिना’ म्हणतो, तेव्हा सबटायटल वाचायच्या आधीच मला कळलं होतं की हा जुनसांग आहे. टॅब मांडीवर ठेवून मी रडले.

का रडले तेही सांगते. माझं माहेरचं नाव शेवंता. १९८३ ला लग्न झालं, सासऱ्यांना ते नाव खेडवळ वाटलं. तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुनीता’ लिहिलं आणि शेवंता तिथेच संपली. दहावीच्या दाखल्यावर शेवंता, म्हणून नोकरीच्या वेळी राजपत्रात नाव छापून आणावं लागलं. पुढे सुनीताही कुणी म्हणालं नाही. गावाला मी नर्सबाई, घरात वहिनी, मग अमक्याची आई. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं ‘अगं’वर भागवलं. मीही ‘अहो’च म्हणते, त्यांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. आता शेवंते म्हणून हाक मारणारा जगात एकच माणूस उरला आहे, माझा थोरला भाऊ. तो ७४ वर्षांचा आहे.

तर मला कानाला जे लागतंय ते खरं आहे का? आणि जुन्या मालिकांत हे जास्त असतं, की मीच आता असं काही शोधत बसते?

दुभाषी_रांजणगाव
तुमचा कान अगदी बरोबर आहे. मी पुण्याजवळ एका कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम करते, बारा वर्षं झाली. कोरियनमध्ये व्यंजनाने संपणाऱ्या नावाला हाक मारताना ‘आ’ लागतो, स्वराने संपणाऱ्याला ‘या’. हा ‘आ’ फक्त सलगीत, बरोबरीच्या किंवा लहान माणसाला. आपण ‘बाळा’, ‘देवा’ म्हणतो तसाच कानावर येतो, म्हणून तुम्हाला तो इतक्या लवकर सापडला असेल. ‘श्शी’ हे सभ्य अंतर. मिनह्यॉंग तिला ‘युजिन श्शी’ म्हणतो आणि तीही त्याला ‘मिनह्यॉंग श्शी’ म्हणते. जुनसांगला मात्र ती ‘जुनसांगा’ म्हणते. म्हणजे मालिकेचा सगळा पेच, हा माणूस कोण आहे हा, नावाला लागणाऱ्या एका अक्षरात बसवलेला आहे. सबटायटल लिहिणाऱ्याचा दोष नाही. इंग्रजीत हे कुठे ठेवणार? मराठीत करायचं झालं तर कितीतरी जागी नुसत्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ने काम होईल.

आपल्या अरे-तुरेला तिकडे ‘बानमाल’ म्हणतात आणि अहो-जाहोला ‘जोन्देमाल’. एकावरून दुसऱ्यावर यायचं तर बहुतेक वेळा विचारून येतात. त्याला शब्दप्रयोग आहे, ‘बोलणं खाली ठेवणं’. मला तो फार आवडतो. डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं तसं.

हे मी पुस्तकात शिकले होते, पण कळलं एका रात्री. आमच्या एका साहेबांच्या पत्नीची प्रसूती पुण्यात झाली. रात्री दोनला मला बोलावलं. ती कोरियनमध्ये ओरडत होती, मी मराठीत सिस्टरना सांगत होते, सिस्टर मला दटावत होत्या. पहाटे मुलगी झाली. त्या दिवसापर्यंत मी तिच्यासाठी नावापुढे ‘श्शी’ होते. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा तिने नुसत्या नावाने हाक मारली, मागे ‘या’ लावून, आणि म्हणाली, मला आता ‘ऑन्नी’ म्हण. ऑन्नी म्हणजे बाईने थोरल्या बहिणीला मारायची हाक.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. नव्या मालिकांतही हे सगळं आहे, भाषा काही बदललेली नाही. पण जुन्यांनी त्याला जागा दिली. विंटर सोनाटाचे २० भाग, तासाभराचा एकेक. दिग्दर्शक युन सॉकहो. पात्र हाक मारतं आणि ज्याला मारली त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा नुसता थांबून राहतो. शिवाय शाळेच्या भागात कुणाच्या हातात मोबाइल नाही. घरच्या फोनवर बोलायचं तर आधी आईने उचललेला असतो, मग मी कोण, मला कोण हवंय, हे नाव घेऊन सांगावं लागतं. आज स्क्रीनवर नाव आपोआप उमटतं. तोंडाने घ्यावंच लागत नाही.

निशिकासाई
मी तोक्योत राहतो, मालिका बायकोने पाहिली आहे, मी अर्धीच. पण हाक या विषयावर एक सांगायलाच हवं. विंटर सोनाटा जपानमध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २००३ मध्ये उपग्रह वाहिनीवर आणि २००४ मध्ये मुख्य वाहिनीवर दाखवली आणि मध्यमवयीन, वयस्कर बायकांनी ती उचलून धरली. नायक बे योंगजूनला त्यांनी ‘योन-सामा’ केलं. जपानीत साधा आदर ‘सान’ने होतो, ‘सामा’ त्याहून फार वरचा, देवालाही लावतात. २००४ च्या नोव्हेंबरात तो नारिता विमानतळावर उतरला तेव्हा हजारो बायका उभ्या होत्या. आधी दाखवली ती जपानी आवाजातली होती. मग त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कोरियन आवाजात, सबटायटलसह, पुन्हा दाखवली. म्हणजे तुमच्यासारखाच त्यांनाही तो खरा आवाज ऐकायचा होता.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी तेव्हा नामी बेटावर जाऊन आल्या. सोलच्या पूर्वेला नदीतलं छोटं बेट आहे, होडीने जावं लागतं, उंच झाडांची सरळ रांग आहे. मालिकेतली दोघं तिथे बर्फात चालतात. आजींचा फोटो बर्फातलाच आहे आणि गळ्यात नायकासारखा मफलर. त्या आज नव्वदीच्या आहेत. फोटो दाराशीच लावलेला आहे.

अबोली_पुणे
मला इथे वेगळं म्हणायचं आहे. मी पण या दोन्ही मालिका पाहिल्या, आईबरोबर. हाकेचं सगळं मान्य. पण मनगट धरून ओढत नेणं किती वेळा आहे? ती ‘सोड’ म्हणते आणि पार्श्वभूमीला गोड संगीत चालू. विंटर सोनाटात युजिनचा होणारा नवरा तिला हॉटेलवर नेऊन जबरदस्ती करू पाहतो, आणि पुढे मालिका त्याच्याकडे दुखावलेला प्रेमी म्हणूनच बघते. मला तो भाग पाहून मळमळलं. सामसूनमधला साहेबही किती घालून पाडून बोलतो तिला! आपल्या मुलींनी हे प्रेम म्हणून पाहावं असं मला वाटत नाही.

नर्सबाई
अबोली, तुझं बरोबर आहे. हॉटेलचा भाग मी पण माफ केलेला नाही. उपकेंद्रात माझ्यापुढे मनगटावर वळ घेऊन बायका येऊन बसलेल्या आहेत. ‘बांगडी रुतली’ म्हणायच्या. त्या मनगटांची आठवण झाली की संगीत बिंगीत काही ऐकू येत नाही. दुसऱ्यांदा पाहताना मी तो भाग पुढे ढकलला. मुलींना दाखवायचंच असेल तर शेजारी बसून दाखवावं आणि तिथे थांबवून बोलावं.

पण सामसूनबद्दल मला थोडं जास्त बोलू दे, कारण ती मला त्या साहेबामुळे आवडलेली नाही.

सामसून तिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, पॅरिसला जाऊन केक-पेस्ट्री शिकून आलेली. घरातली तिसरी मुलगी. ‘साम’ म्हणजे तीन. नाव इतकं जुनाट की ऐकताच लोक हसतात. तिला ते बदलून हीजिन करायचं आहे. सुरुवातीलाच एक टॅक्सीवाला तिची समजूत घालतो की नाव काही का असेना, सामसून नसलं म्हणजे झालं. त्याला काय माहीत! तिचा चेहरा बघा तिथे. मी तिथेच थांबले आणि उठून पाणी प्यायले.

माझ्या लसीकरणाच्या रजिस्टरमध्ये मी स्वतःच्या हाताने किती वेळा ‘नकुशा’ लिहिलं आहे ते मी मोजलेलं नाही. तिसरी मुलगी झाली की नकुशा. पुढचा मुलगा व्हावा म्हणून. पोलिओचा डोस द्यायला गेले की आईच हाक मारायची, ‘ए नकुशे, ये गं, नर्सबाई आल्या.’ त्यात राग नसायचा, माया असायची. हेच मला सहन व्हायचं नाही. मायेने म्हणायचं ‘नको असलेली’! पोर हसत यायचं.

२०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि जिल्ह्यातल्या २८५ नकुशांना नवी नावं मिळाली. आमच्या गावांतल्या तिघींना घेऊन मी एसटीने गेले होते. कुणी देवीचं नाव निवडलं होतं, कुणी नटीचं. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा आमच्यातली धाकटी मला म्हणाली, ‘आता बाईंनी हजेरी घेतली की मी उभी राहू का?’ तोवर ती बसूनच ‘हजर’ म्हणायची.

म्हणून मला सामसून तीनदा पाहावी लागली. ती कोर्टात अर्ज करते, धडपडते, आणि शेवटी सामसूनच राहते. पहिल्यांदा मला ते पटलं नाही. वाटलं, त्या पुरुषाला नाव आवडतं म्हणून राहिली. दुसऱ्यांदा पाहताना कळलं की तोवर तिने ते नाव स्वतःचं करून घेतलं आहे. ती हाल्ला नावाचा डोंगर चढते, पावसात, धापा टाकत, आणि वर जाऊन सगळ्या दुनियेला ऐकू जाईल असं ओरडते. तिला आता कुणी हसलं तरी चालणार आहे. आमच्या धाकटीला मात्र नवंच नाव हवं होतं, आणि तेही बरोबरच होतं.

आता दुभाषीताई, कोरियातही तिसऱ्या मुलीचं असं असायचं का? की हे नुसतं मालिकेपुरतं?

दुभाषी_रांजणगाव
असायचं. ‘मल्सुन’, ‘मल्जा’ अशी नावं जुन्या पिढीत खूप, त्यातला ‘मल’ म्हणजे शेवट. ‘क्कुत्सुन’ म्हणजेही तेच, आता पुरे. आणि हे फक्त नावांपुरतं नव्हतं. १९९० मध्ये तिथे १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मत होते. नर्सबाई, तुम्हाला त्या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको.

सामसून ज्या वर्षी लागली ते वर्षही बघा. घराचा प्रमुख शक्यतो पुरुषच आणि बाकी सगळे त्याच्या नावाखाली, अशी नोंदवहीची पद्धत होती, ‘होजू’ म्हणत तिला. २००५ च्या फेब्रुवारीत घटना न्यायालयाने ती घटनेशी विसंगत ठरवली, मार्चमध्ये संसदेने ती काढायचा कायदा केला. २००८ च्या सुरुवातीला ती प्रत्यक्षात गेली. जून-जुलैत सामसून चालली आणि शेवटचा भाग देशातल्या निम्म्याहून जास्त टीव्ही पाहणाऱ्या घरांनी पाहिला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गैरहेतू नसेल तर नाव बदलायला परवानगी द्यावी. मालिकेमुळे निकाल लागला असं मी म्हणत नाही. पण बायकांच्या नावाचा प्रश्न त्या वर्षी तिथल्या घराघरांत होता, म्हणून सामसून इतकी आपली वाटली.

अजून एक सांगते. १९९२ ला सुरू झालेली ‘मुलगा आणि मुलगी’ नावाची मालिका आहे. प्रेमकथा त्यात थोडी, घरच जास्त. जुळी भावंडं. मुलाचं नाव ग्वीनाम, मोलाचा मुलगा. मुलीचं नाव हुनाम. ‘हु’ म्हणजे नंतर, ‘नाम’ म्हणजे मुलगा. हिच्यामागून मुलगा यावा. मला तिची सबटायटल कुठे मिळाली नाहीत, पण तुम्हाला हवं असेल तर मी रविवारी फोनवर एकेक भाग सांगत जाईन.

नर्सबाई
हवं आहे. पण आधी एवढं सांगा, त्या हुनामचं पुढे काय होतं? वाईट होणार असेल तर मला आत्ताच सांगा.

दुभाषी_रांजणगाव
फार सोसते. पण शिकते, आणि पुढे लेखिका होते.

नर्सबाई
मग रविवारी चारला करा फोन. तीनला भावाचा येतो.