ईलला मराठीत काय म्हणायचं, वाम की अहिर?

जपानी जेवणावरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात उनागी, आनागो, हामो असे तीन मासे आलेत, इंग्रजीत तिन्ही ईलच, म्हणजे सापासारखे लांब मासे. मी सरसकट वाम लिहिलंय, चालेल ना?

नको ताई, सरसकट नको. वाम म्हणजे नक्की कुठला मासा ते बोलणारा कुठला आहे त्यावर ठरतं. आमच्या किनाऱ्यावर वाम म्हणजे समुद्रातली, लांबलचक, तोंडात धारदार दात असलेली, आणि उजनीच्या बाजूला वाम म्हणतात ती गोड्या पाण्यातली, पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, दिसायला तशीच पण ती खरी ईल नाहीच, तिचं कुळच वेगळं. नदीतली खरी ईल म्हणजे अहिर. तो नदीत वाढतो पण अंडी घालायला समुद्रात जातो आणि परत येत नाही, पिल्लं आधी पानासारखी चपटी, आरपार दिसणारी असतात, मग दोऱ्यासारखी होऊन नदीत वर चढतात. मधे धरण आलं की हा रस्ता तुटतो. मासाच दिसेनासा झाला तर अहिर हा शब्द कोण वापरणार, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमचे तिघं. उनागी ही अहिरच्या जातीची. तिची अंडी समुद्रात पहिल्यांदा सापडली ती २००९ मध्ये, तीही पार प्रशांत महासागरात, मारियाना बेटांच्या पश्चिमेला. रक्त विषारी असतं पण शिजवल्यावर तो त्रास राहत नाही, म्हणून ती कच्ची न खाता गोडसर सॉस लावून भाजतात. हामो मात्र आमच्या वामच्याच घराण्यातली, तिथे बिनधास्त वाम लिहा. क्योतोत जुलैमधे गिओन उत्सवात ती हवीच, काटे एवढे की कातडी न तोडता तीन सेंटीमीटरमधे वीसहून जास्त चिरा देतात! आपल्याकडे असलं कसब नाही, मधल्या तुकड्या तळायच्या आणि काटेरी शेपटी कालवणात, पण कालवण काय होतं म्हणून सांगू. आनागो समुद्रातलीच पण वेगळ्या घराण्यातली, तिचं नाव तसंच ठेवा.

पण उनागीला नुसतं अहिर लिहिलं तर पुण्यामुंबईच्या वाचकाला कळेल का?

पहिल्यांदा येईल तिथे "उनागी, म्हणजे आपल्या अहिरच्या जातीचा नदीतला मासा" एवढं लिहा, पुढे उनागीच चालू द्या.